हिरवळीखालचा हात

अमृतराव,

हे पत्र मी तुम्हाला भिंतीवरून वाचूनही दाखवलं असतं. आपल्या दोन घरांमध्ये कमरेएवढी तर भिंत आहे, आणि तुम्ही बहुतेक वेळ तिच्या पलीकडेच उभे असता. पण समोरासमोर बोलायला गेलं की दुसऱ्या वाक्यालाच तुम्ही विचारता, "कोनं सांगतलं तुमाले?" आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. म्हणून लिहून काढते. लिहिलेल्यात हात खुपसता येत नाही.

तुमची पहिली शंका मला ठाऊक आहे. मॅडमनी आपल्यावर लिहायचं कारण काय, यात त्यांचा फायदा काय? फायदा काही नाही. वाचणाऱ्यांना तुमची ओळख करून द्यावी एवढंच मनात आहे. तेव्हा थोडा वेळ तुमच्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोलते. ऐकत राहा, पण मधे बोलू नका.

अमृतराव मूळचे तामसीकडच्या एका खेड्यातले. कापसाचं आणि ज्वारीचं घर. मिसरूड फुटलं तेव्हाच आदिलाबादच्या कापूस बाजारात एका व्यापाऱ्याकडे कामाला लागले, ते थेट म्हातारे होऊनच घरी आले. काम एकच. गाडीतला कापूस ओला आहे की कोरडा ते सांगायचं. शेतकऱ्याची गाडी यार्डात उभी राहिली की हे बाही खांद्यापर्यंत सारायचे, ढिगात हात घालायचे आणि डोळे मिटायचे. वरवरचा कापूस कोणीही कोरडा ठेवतो. वजन वाढावं म्हणून कोणी पाणी मारलं असेल तर ते सापडतं गाडीच्या पोटात. हात बाहेर यायचा, बोटं एकमेकांवर चोळली जायची, आणि निकाल लागायचा. "ओला हाये. वापस न्या." त्यावर कोणाची दाद नाही, फिर्याद नाही.

हा हात किती सरळ होता, ते त्यांच्याच सासरच्या माणसांना विचारा. बायकोचा सख्खा भाऊ चंपत मुधोळकडून गाडी घेऊन आला होता. बहिणीच्या नवऱ्याकडे माल, म्हणजे निर्धास्त आलेला. अमृतरावांनी हात घातला, काढला, बोटं चोळली आणि भर यार्डात म्हणाले, "वापस न्या, पाहुणे." चंपत त्यानंतर कित्येक वर्षं या घरचं पाणी प्यायला नाही. राखी पोस्टानं जायची.

पुढे बाजारात मीटर आलं. ढिगात सळई खुपसायची, आकडा वाचायचा, संपलं. व्यापारी भला माणूस होता, त्यानं यांना लगेच काढलं नाही. मीटरचा आकडा आला की हे त्याच जागी हात घालून बघायचे आणि मान हलवायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, मीटर खोटं बोलत नाही."

"मीटरले काय समजते, मॅडम? मीटरच्या बापानं कधी कापूस पिकवला हाये का?"

अखेर घरी बसले, पण हात काही घरी बसला नाही. तांदळाचं पोतं आलं की हात तळापर्यंत. दोरीवरचे कपडे चारदा चाचपायचे. मी गच्चीवर पापड वाळत घातले तर हे आपल्या गच्चीवरून वाकून दाबून बघायचे. "मॅडम, अजून ओल हाये." माझे पापड! मी म्हटलं, तुमचे दात जागेवर आहेत तोवर माझ्या पापडांची काळजी करू नका.

माणूस संशयी. पण संशय हाच त्याचा धंदा होता, आणि चोख केलेला धंदा होता, हेही लक्षात ठेवा.

तर आता हिरवळ.

यांनी घरासमोरच्या अंगणात चकचकीत ग्रॅनाइट बसवून घेतलं होतं. आमच्या गल्लीत पहिलं. दसऱ्याच्या सकाळी द्वारकाबाई, म्हणजे यांच्या पत्नी, दाराला तोरण बांधायला बाहेर आल्या आणि त्या ग्रॅनाइटवर पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, घरातल्या घरात वॉकर धरून त्या फिरूही लागल्या. पण उंबऱ्याबाहेर पाय टाकायला तयार नाहीत. डॉक्टर म्हणाले, मोकळ्यावर चालायला हवं, उन्हाळ्याच्या आत. आमच्याकडे एकदा ऊन तापलं की धडधाकट माणूससुद्धा दुपारी बाहेर निघत नाही. तोवर चालल्या नाहीत तर पाय असाच आखडून राहील, आणि मग कायमचं अंथरूण.

द्वारकाबाईंचं उत्तर ठरलेलं. "त्या दगडावर मी मेल्यावरच झोपीन. जित्तेपनी पाय नाई ठेवत."

लेक वृषाली हैदराबादला असते. तिनं फोनवर तोडगा काढला. "बाबा, ग्रॅनाइट उखडा. लॉन लावा. आई गवतावर चालेल." द्वारकाबाईंनी आतूनच हो म्हटलं. अमृतरावांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे असं बघितलं, जसा काही फोनच ओला आहे.

पण उखडलं. हे मी त्यांच्या नावावर जमा धरते. हौसेनं बसवलेला दगड माणसानं बायकोसाठी घणानं फोडून काढला. खालची काळी माती उकरून वर लाल माती आणि वाळू पसरली, आणि संक्रांत झाल्यावर निजामाबादकडच्या एका नर्सरीतून टेम्पो भरून हिरवळ आली. चटयांसारख्या गुंडाळ्या, खाली बोटभर माती, वर गवत. नर्सरीचा राजकुमार नावाचा माणूस बरोबर होता. त्यानं विटांसारखे सांधे चुकवत पट्टे अंथरले, फळी ठेवून वर उभं राहून दाबले, आणि पाइपानं पाणी सोडलं. भिजून पट्टे गर्द झाले. अमृतराव पायरीवर उभे. एकेक पट्टा खाली जाताना त्यांचा चेहरा आवळत होता.

"सुबह-शाम पानी देना, चाचा," राजकुमार म्हणाला. "जड पकडने तक सूखना नहीं. और कोई पैर नहीं रखेगा, हाथ नहीं लगाएगा."

"पानी पे इतना जोर काऊन देता तू?"

"घास है, चाचा. पानी नहीं देंगे तो क्या देंगे?"

"माल गीला लाया तू."

"चाचा, कपास नहीं है ये!"

मी भिंतीपलीकडून हसले. अमृतराव हसले नाहीत.

दोन आठवडे गेले नसतील, कडा पिवळ्या पडायला लागल्या. आधी फाटकाजवळ, मग मधे. आणि अमृतरावांची चौकशी सुरू झाली. पहिला आरोपी राजकुमार. जुनं, कापून ठेवलेलं गवत दिलं. दुसरा पंढरी, आमचा दूधवाला. फाटकात गाडी उभी करतो, चाक गवतावर घालतो. पंढरी म्हणाला, "काका, माही गाडी फाटकाच्या बाहीर असते, दूध बी मी हात लांबवून देतो." मग वाळवी. वाळवीची पावडर आणून शिंपडली. मग शेजारच्या बकऱ्या. मग मी.

हो, मी. माझ्या मोरीचं साबणाचं पाणी भिंतीखालून त्यांच्याकडे झिरपतं, असा शोध लागला. मी त्यांना हाताला धरून माझी मोरी दाखवली. पाणी उलट्या दिशेला, रस्त्याकडे जातं. त्यांनी खाली बसून नालीत हात घातला. समाधान झालं असं म्हणाले नाहीत.

आता माझंही सांगते. माझा संशय त्यांच्यावर होता. संशय हा काही एकट्या अमृतरावांचा मक्ता नाही. पाइपाचं पाणी मला सकाळ-संध्याकाळ ऐकू यायला हवं होतं, ते येत नव्हतं. दुपारी एक मग घेऊन हे आंब्याच्या पानानं कलशातलं शिंपडावं तसं शिंपडायचे, बस. बोअरला पाणी भरपूर, विजेची अडचण नाही, हात धडधाकट. मग गवत तहानलेलं का? खिडकीतून द्वारकाबाई दिसायच्या, पलंगावर बसलेल्या, अंगणाकडे तोंड करून. चहा यांच्या हातचा, औषध यांच्या हातचं, केससुद्धा हेच विंचरायचे. जन्मभर ज्या माणसाला घरात कोणी फारसं विचारलं नाही, त्याच्यावाचून आता त्या बाईचं पान हलत नव्हतं. माझ्या मनात आलं, याला हे आवडतंय. गवत मरावं असंच याला वाटतंय.

वाईट संशय. पण आला, आणि गेला नाही.

मी पहाटे उठणारी. एका सकाळी उजाडता उजाडता गच्चीवर गेले आणि खाली बघितलं, तर अमृतराव हिरवळीवर उकिडवे बसलेले. माघाची थंडी, डोक्याला मफलर, आणि एक बाही खांद्यापर्यंत सारलेली. त्यांनी एका पट्ट्याचा कोपरा उचलला, चादर उचलावी तसा. खाली हात घातला, तळवा वर. डोळे मिटले. थोडा वेळ तसेच. मग हात काढला, बोटं चोळली, कोपरा खाली ठेवून थोपटला आणि पुढच्या पट्ट्याकडे सरकले.

मी चपला घातल्या आणि थेट त्यांच्या फाटकातून आत गेले.

"काय चाललंय अमृतराव?"

हात पाठीमागे गेला. "काई नाई. पाहून राह्यलो."

"काय पाहताय?"

"आतून कसं हाये ते. वरून तं सारेच हिरवे दिसते."

"रोज उचलता?"

"सारे नाई उचलत. इकडला एक, तिकडला एक. नमुना पाहा लागते ना, मॅडम."

मी वाकून फाटकाजवळचा पट्टा ओढला. हातात आला, सतरंजीसारखा. खालून केसांसारखी बारीक पांढरी मुळं, तुटलेली, वाळलेली. "हे बघा. मूळ खाली जायला बघतंय आणि तुम्ही रोज ते उपटून काढताय. ना पाणी, ना उसंत. राजकुमारनं तुमच्या समोर सांगितलं होतं, हात लावू नका."

"तो विकनारा हाये. विकनारा सांगनारच."

"मग मी सांगते. मी काही विकत नाही."

मला धीर कधीच नसतो, त्यामुळे जे पोटात होतं ते तोंडावर आलं. "खरं सांगा. द्वारकाबाईंनी चालावं असं तुम्हाला वाटतं की नाही? का त्या पलंगावरच बऱ्या आहेत?"

अमृतराव माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता विचारतील कोनं सांगतलं. विचारलं नाही. बाही खाली ओढली.

"दसऱ्याच्या दिवशी दगड मी धुतला होता, मॅडम," ते म्हणाले. "सन हाये म्हून. फडक्यानं पुसला बी. वरून कोरडा दिसून राह्यला होता. मी हात लावून पाह्यला नाई. साऱ्या जन्मात एकदाच, हात न लावता माल पास केला."

मी हातातला पट्टा खाली ठेवून दाबला.

"अन् आता हे गवत. सकाळी पानी, सांजी पानी. ओल्यावर तिले कसं चालवू, सांगा ना? कोरडं राह्यलं पाह्यजे. म्हून पाहा लागते. खाली ओल किती, वर किती."

"द्वारकाबाईंना सांगितलंत हे?"

"नाई. तिले वाटते, आपल्याच पायानं पडली."

"मले काय वाटते ते मले इचारा ना!"

खिडकीतून आवाज आला. आम्ही दोघंही दचकलो. द्वारकाबाई गजांना धरून उभ्या होत्या, वॉकरशिवाय. "पडता पडता बादली दिसली होती मले. बादली काय पायानं चालत आली होती? कोनाच्या हातची होती ते समजत नाई का मले?"

अमृतरावांनी मफलर सारखा केला.

"अन् रोज सकाळी हे गवताची गाडी तपासून राह्यले, ते बी दिसते मले इथून."

"अहो मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. एवढी माणसं एकाच अंगणात, आणि तोंड एकाचंही नाही!

"बोलून काय होते, मॅडम? माह्या भावाची गाडी वापस पाठवली तवा बोलली होती. ऐकलं का यायनं?" मग आवाज जरा खाली आला. "अन् मले वाटलं, मी बाहीर यावं असं यायच्या मनातच नाई. सेवा करून राह्यले ना. आवडून राह्यली असन."

म्हणजे माझा संशय आणि तिचा संशय एकच होता. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण अमृतरावांचं तोंड मी बघत होते.

"असं वाटलं तुले?" ते म्हणाले.

"मंग काय वाटावं? तुमी तं सांगत नाई काही. गवतात हात घालून पाहाले येते, मानसात कसा घालू?"

त्यानंतर द्वारकाबाईंनी खिडकीतूनच हुकूम सोडला. पाणी मॅडम देतील. कोपरा कोणी उचलायचा नाही. आणि यांनी खुर्ची घेऊन पायरीवर बसायचं, हात खिशात घालून. "खिशात ओल हाये का ते पाहा," वर हेही.

मी पाणी द्यायला लागले. राजकुमारला फोन करून विचारून घेतलं, सैल झालेले पट्टे फळीनं पुन्हा दाबून घेतले. अमृतराव खुर्चीवर. पाइप माझ्या हातात, नजर त्यांची. "मॅडम, तिकडे जास्ती होऊन राह्यलं." "मॅडम, सांध्यात गेलं नाई पानी." एकदा मी पाइप त्यांच्या पायांवर धरला. चप्पल भिजली. तेव्हा कुठे दोन दिवस शांतता मिळाली.

सगळी हिरवळ काही जगली नाही. फाटकाकडचा भाग मेलाच, तिथे त्यांनी सगळ्यात जास्त नमुने घेतले होते. पण पायरीपासून भिंतीच्या कडेनं पेरूच्या झाडापर्यंत, जिकडे वाकायला अडचण होती म्हणून यांचा हात कमी पोचला होता, तिकडे पट्ट्यांनी मूळ धरलं. कोपरा हलकेच ओढून बघितला, तर आला नाही. मी बघितला, त्यांनी नव्हे. त्यांना मी सांगितलं तर म्हणाले, "जोरानं ओढला का?"

होळी झाली. सकाळचं ऊन अजून सोसण्यासारखं होतं. एक दिवस द्वारकाबाई वॉकर घेऊन दारात आल्या, पायरीपर्यंत आल्या आणि चपला काढल्या. मी पाणी आदल्या संध्याकाळीच दिलं होतं, सकाळचं मुद्दाम चुकवलं होतं. जगलेली हिरवळ एक माणूस वॉकर घेऊन चालेल एवढीच रुंद, गच्च, कापायला आलेली.

अमृतराव आधी उतरले. बसले. तळवा गवतावर टेकवला. वरून, खालून नव्हे. डोळे मिटले.

"ठेव," ते म्हणाले.

द्वारकाबाईंनी पाय ठेवला. गवत दबलं, त्यांनी श्वास घेतला आणि बोटं पसरली. लहान मुलाला मातीत सोडल्यावर त्याची पसरतात तशी.

अमृतराव हातभर पुढे सरकले, उकिडवेच. तळवा. "ठेव." पुन्हा पुढे. "थांब, इथं दव हाये." बाही गवतावर फिरवून ती जागा पुसली. "आता ठेव."

"तपासा, तपासा," द्वारकाबाई म्हणाल्या. "आज गाडी माही हाये. वापस नका पाठवू."

"चाल तू. बोलू नको."

पेरूच्या झाडाशी पोचल्यावर द्वारकाबाईंनी वॉकर सोडला आणि फांदी धरली. मी भिंतीपलीकडून बघत होते. पंढरी दूध घेऊन फाटकात उभा होता, त्याला आत यायची हिंमत झाली नाही. त्या संध्याकाळी अमृतरावांच्या घरून मेहुण्याला, चंपतला, फोन गेला, हे मला द्वारकाबाईंनी सांगितलं. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही, जरी विचारावंसं फार वाटलं.

झालं, अमृतराव. आता पुन्हा तुमच्याशी.

पुढचं तुम्ही विसरला असाल असं मला वाटत नाही. मी उन्हाळ्याच्या तोंडावर मुलाकडे हैदराबादला निघाले होते. तुम्ही भिंतीशी आलात, आधी खिडकीकडे बघितलंत, मग रस्त्याकडे.

"मॅडम, तिकडे ते मातीत खुपसाचं मीटर भेटते म्हनते. ओल सांगते. एक आनसान का? हिले सांगू नका."

मी हो म्हटलं. तुमच्या तोंडून मीटर! रेल्वेत सगळी वाट मी त्याचाच विचार करत होते. आणि तुमच्याशेजारी इतकी वर्षं काढल्यावर मलाही सवय लागलीच आहे. या माणसाला खरंच मीटर हवंय, की मॅडम कोणाला सांगतात का ते बघायचंय? की मीटर आणून त्याच्या शेजारी हात ठेवून, मीटर कसं चुकतं ते द्वारकाबाईंना दाखवायचंय?

एका बी-बियाण्याच्या दुकानात ते होतं. दोन सळया, वर घड्याळासारखी तबकडी. दुकानदारानं कुंडीत खुपसून दाखवलं. काटा हलला. मी कुंडीत बोट घालून बघितलं. बोटालाही तेच कळलं. मग ते त्याला परत दिलं आणि सुनेसाठी मोगऱ्याचं रोप घेतलं.

मी परत आले तेव्हा तुम्ही भिंतीशी होतात. माझ्या पिशवीकडे बघितलंत. विचारलं नाहीत. मीही विषय काढला नाही. तुमच्या फाटकाजवळची जागा अजून उघडी आहे, पाऊस लागला की राजकुमार नवे पट्टे आणणार आहे. तेव्हा तुम्ही पुन्हा खुर्चीवर बसाल आणि पाइप माझ्या हातात असेल. मीटर आणायचं राहिलं आहे.